‘अखनातेन’ : लुप्त भाषांतून गायलेला इतिहास

अमेरिकी संगीतकार फिलिप ग्लास यांचा ‘अखनातेन’ हा तीन अंकी ऑपेरा २४ मार्च १९८४ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे प्रथम सादर झाला. आइन्स्टाइन व महात्मा गांधी यांच्यावरील ऑपेरांनंतर ग्लास यांच्या त्रयीतील ही अखेरची रचना. यांपैकी गांधीजींवरील ‘सत्याग्रह’ (१९८०) भगवद्गीतेतील संस्कृत वचनांत गायला जातो.

कथानायक इ. स. पू. चौदाव्या शतकातील इजिप्तचा राजा आहे. परंपरागत देवतांना दूर सारून त्याने सूर्यबिंबाच्या, म्हणजेच आतेनच्या, उपासनेला सर्वोच्च स्थान दिले आणि आजच्या अमार्ना येथे नवी राजधानी वसवली. सुमारे १७ वर्षांच्या राजवटीनंतर ही व्यवस्था मोडीत निघाली. पुढील राजांच्या काळात त्याचे नावही शिलालेखांतून खोडण्यात आले.

संहिता प्राचीन इजिप्शियन, अक्कादी व हिब्रू भाषांतील मूळ लेखांवरून जुळवलेली आहे. चित्रलिपीत स्वर लिहिले जात नसल्याने इजिप्शियन शब्दांचे उच्चार अभ्यासकांच्या अनुमानावरच गायले जातात. प्रेक्षकाला त्यांचा अर्थ कळत नाही. निवेदक तेवढा त्याच्या भाषेत बोलतो. याला एक लक्षणीय अपवाद आहे. दुसऱ्या अंकातील राजाचे आतेनस्तोत्र प्रेक्षकांच्याच भाषेत गायले जाते. त्यालागूनच समूहस्वरात हिब्रू बायबलमधील १०४ वे स्तोत्र येते. दोहोंतील साम्य अभ्यासकांच्या परिचयाचे असले, तरी एकाचा दुसऱ्यावर थेट प्रभाव पडला का, याविषयी एकमत नाही. ग्लास वाद घालत नाहीत, दोन्ही स्तोत्रे शेजारी ठेवतात; मात्र ही मांडणीही एक भाष्यच ठरते, हे ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

वाद्यवृंदात व्हायोलिन नाहीत. श्टुटगार्टच्या मुख्य नाट्यगृहाचे नूतनीकरण सुरू असल्याने प्रयोग लहान सभागृहात करावा लागणार होता आणि तेथे वादकांसाठी जागा अपुरी होती. व्हायोलिन वगळल्याने व्हायोला हे तंतुवाद्यांतील सर्वांत उंच स्वराचे वाद्य उरले आणि संपूर्ण रचनेला एक गडद, गंभीर नाद लाभला. त्यावर राजाचा काउंटरटेनर, म्हणजे पुरुषाचा स्त्रीस्वराइतका उंच आवाज, अधिकच वेगळा भासतो. पहिल्या अंकाचा बराच भाग सरेपर्यंत तो ऐकूच येत नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २०१९ मध्ये हा ऑपेरा प्रथमच रंगमंचावर आणला. अँथनी रॉथ कोस्टान्झो यांची प्रमुख भूमिका असलेल्या त्या प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणाला २०२२ मध्ये सर्वोत्कृष्ट ऑपेरा ध्वनिमुद्रणाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.