क्लोरीनचा जमाखर्च

नियमाने तलावावर पोहायला जाणाऱ्या माणसाचे केस काथ्यासारखे होतात आणि बोलणे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकासारखे. पहिल्या आठवड्यात तो दम कसा वाढला ते सांगतो, दुसऱ्या आठवड्यात पाठदुखी कशी पळाली ते सांगतो, आणि महिना संपायच्या आत 'ह्या मेल्या क्लोरीननं' अशी सुरुवात करून जो सुटतो तो थांबतच नाही. आमच्या सकाळी सहाच्या बॅचमध्ये असे सात-आठ जण आहेत. कुणाची कातडी खाजते, कुणाच्या मिशा पिंगट झाल्या, कुणाचे टक्कलही क्लोरीनच्याच नावावर मांडलेले. एखाद्या इसमाविरुद्ध इतक्या तक्रारी आल्या, तर निदान त्याचे जुने खाते उघडून पाहावे, ही आम्हा बँकवाल्यांची रीत. म्हणून पाहिले.

खाते उघडले १७७४ साली, स्वीडनमध्ये. कार्ल शेले नावाच्या औषधे बनवणाऱ्या गृहस्थाच्या भांड्यातून हिरवट-पिवळा, नाकाला झोंबणारा एक वायू निघाला. त्यात फुले धरली, पाने धरली. सगळ्यांचे रंग उडाले. पण हे एक मूलद्रव्य आहे हे काही शेलेच्या ध्यानात आले नाही. ते सांगितले इंग्लंडच्या हंफ्री डेव्हीने, १८१० साली, आणि फिकट हिरव्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्यानेच क्लोरीन हे नाव ठेवले. म्हणजे बारसे व्हायला ३६ वर्षे लागली. तोवर मूल कामालाही लागले होते!

पहिली नोकरी परटाची. त्या काळी युरोपात कापड पांढरे करायचे म्हणजे ते कुरणावर पसरून आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवायचे. बर्थोले नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हेच काम क्लोरीनकडून झटपट करून घेतले, आणि १७९९ साली चार्ल्स टेनंट ह्या स्कॉटिश माणसाने चुन्यात क्लोरीन मुरवून त्याच्या भुकटीचे पेटंट घेतले. तीच आपली ब्लीचिंग पावडर. पोहणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारींचे उत्तर इथेच मिळते. ज्याने आयुष्याची पहिली उमेद रंग उडवण्यात घालवली, त्याच्या शेजारी रोज तासभर डुंबायचे आणि वर 'माझ्या केसांचा रंग का हो गेला?' म्हणून विचारायचे, ह्याला काय म्हणावे?

पुढे ह्या परटाला बढती मिळाली. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात झेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने पाहिले, की विद्यार्थी प्रेते फाडून येतात आणि त्याच हातांनी बाळंतपणे करतात. त्याने त्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुवायला लावले. ते काही गुलाबपाणी नव्हते. पण त्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या. जूनमध्ये तो आकडा दोनाच्या घरात आला. एवढे होऊनही बड्या मंडळींना काही ते पटले नाही. झेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला, तेव्हा जेमतेम ४७ वर्षांचा होता. खरखरीत झालेल्या हातांबद्दल कुरकुर करणाऱ्याने हा आकडा एकदा मनाशी वाचावा. आपल्या हातांना जे झोंबते, त्याने कुणाची तरी आई वाचलेली असते.

पाण्यात क्लोरीन पडले ते टायफॉइडच्या भीतीने. १८९७ साली इंग्लंडमधल्या मेडस्टनला साथ आली तेव्हा गावाचे नळ ब्लीचिंग पावडरने धुऊन काढले. १९०५ साली लिंकन शहरात तीच पाळी आली आणि पिण्याच्या पाण्यात रोज क्लोरीन घालायला सुरुवात झाली. अमेरिकेत १९०८ साली जॉन लील ह्या डॉक्टरने तर कमालच केली. जर्सी सिटीच्या पाण्यावरून कोर्टात खटला चालू असताना, कुणाची लेखी मंजुरी वगैरे न मागता, त्याने रोजच्या सुमारे चार कोटी गॅलन पाण्यात क्लोरीन सोडायला सुरुवात केली. आमच्याकडे पाच रुपयांचे व्हाउचरसुद्धा दोन सह्यांशिवाय हलत नाही. पण निकाल शेवटी क्लोरीनच्या बाजूने लागला, आणि पुढे शहरामागून शहरांनी त्याचा कित्ता गिरवला.

आता पोहण्याच्या तलावांकडे येऊ. क्लोरीन येण्यापूर्वी तलाव भरायचा, आठवडाभर वापरायचा आणि रिकामा करायचा, अशी पद्धत होती. इंग्लंडमधल्या कित्येक तलावांवर ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग, आणि जसजसे पाणी गढुळेल तसतसे स्वस्त! मँचेस्टरच्या १९०६ सालच्या व्हिक्टोरिया बाथ्समध्ये पाणी आधी पहिल्या वर्गाच्या पुरुषांना, मग तेच दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांना, आणि सगळ्यांचे आटोपल्यावर बायकांना. हे वाचून दाखवल्यावर आमची ही एवढेच म्हणाली, "त्यात नवीन काय?" अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठात १९१० च्या सुमारास तलावात क्लोरीन घालून पाहिले आणि त्यानंतर ही शिळ्या पाण्याची उतरंड हळूहळू मोडली. एकाच पाण्यात साहेब आणि शिपाई, बायका आणि पुरुष निर्धास्त उतरू लागले, ह्यात समाजसुधारकांइतकाच ह्या हिरवट वायूचाही वाटा आहे.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. केसावर आणि कातडीवर तेलाचा एक निसर्गदत्त हात फिरलेला असतो. क्लोरीनचे पाणी तो पुसून काढते. मग केसावरचे खवले उघडे पडतात, केस राठ होतात, तुटतात आणि कातडी ओढल्यासारखी होते. मात्र गोऱ्या लोकांचे सोनेरी केस तलावात हिरवे होतात, त्याचा आळ क्लोरीनवर येतो तो अन्यायाचा. तो गुन्हा तांब्याचा. शेवाळ मारायला टाकलेल्या मोरचुदातले किंवा पाइपांतले तांबे केसांना चिकटते. क्लोरीनने फक्त दार उघडून दिलेले असते.

उपाय म्हणाल तर ते आजीबाईच्या बटव्यातलेच. पहिला, आधी साध्या पाण्याने चिंब व्हायचे. केस हा स्पंजासारखा असतो. आधीच भरलेला असला तर तलावाचे पाणी कमी पितो. दुसरा, तेलाचे बोट. मॅथ्यू वेब १८७५ साली इंग्लिश खाडी पोहून गेला तो अंगाला शिशुक माशाचे तेल फासून. अर्थात ते थंडीसाठी. तिथे क्लोरीन कुठले? आपल्याला खोबरेल पुरे. केस धुताना त्यांतले प्रथिन वाहून जाते ते खोबरेलाने कमी होते, सूर्यफुलाच्या तेलाने होत नाही, असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली छापलेही आहे. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, ही नोंद शेऱ्याच्या रकान्यात करून ठेवतो. पण तेल म्हणजे बोटभर, तेही टोपीखाली. चंपी करून उडी मारलीत तर पाण्यावर तवंग येतो आणि गार्डच्या तोंडून आपला उद्धार होतो.

तिसरा उपाय टोपी. तिचा इतिहास मजेशीर आहे. अमेरिकेतल्या तलावांवर कैक वर्षे बायकांना टोपी सक्तीची होती, ती काही त्यांच्या केसांच्या काळजीने नव्हे. केसांची गुंतवळ गाळणीत अडकते, तेव्हा काळजी होती ती गाळणीची. पुढे पुरुषांनीच केस वाढवल्यावर ह्या नियमाची पंचाईत झाली, ते वेगळेच. टोपीत थोडे पाणी शिरतेच, पण अजिबात नसण्यापेक्षा बरी. चौथा, बाहेर आल्याबरोबर, गप्पा मारायच्या आधी, स्वच्छ पाण्याची अंघोळ आणि ओल्या अंगावर तेल किंवा मलम. क जीवनसत्त्वाने क्लोरीन निष्प्रभ होते, म्हणून काही लोक त्याचे पाणी अंगावर फवारतात.

राहता राहिला तो वास. तलावावर नाकात बसतो आणि डोळे चुरचुरवतो, त्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो. खरे पाहता तो क्लोरीन आणि आपण मिळून केलेला असतो. आपला घाम आणि (क्षमा असावी) लघवी ह्यांच्याशी क्लोरीनचा संबंध आला की क्लोरामाइन नावाची संतती जन्मते. तिचा तो वास. जितका वास जास्त, तितके क्लोरीन जास्त असे नव्हे. तितके आपण जास्त!

आपल्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस पावसाळ्यात विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, तीही टेनंटच्या त्या भुकटीच्याच घराण्यातली. तिथे कुणी केसांची तक्रार करीत नाही, कारण तिथल्या म्हाताऱ्यांना पटकी आठवते. आपण पटकी विसरलो, म्हणून आपल्याला मिशांचा रंग आठवतो. हेही एका अर्थी क्लोरीनचेच यश. प्रत्येक तलावाच्या दारात 'पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करावी' अशी पाटी असते. ह्या सगळ्या अडीचशे वर्षांचे सार त्या चार शब्दांत आहे. केस वाचतात, कातडी वाचते, वासही निम्मा होतो. फक्त ती पाटी वाचणारा माणूस तेवढा अजून कुणी पाहिलेला नाही.