बुद्धिबळ, खानदेशातील
१९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागल्या गेलेल्या, म्हणजे आजच्या जळगाव व धुळे परिसराच्या, या प्रांतात उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच दीर्घकाळ देशी पद्धतीने खेळला गेलेला पटावरील युद्धखेळ. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये या क्रीडेचे सविस्तर विवेचन आढळते.

देशी पद्धतीत प्यादे प्रारंभी दोन घरे न जाता एकच घर सरकते; राजाला किल्लेकोट नसतो, परंतु शह बसण्यापूर्वी त्याला एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असते; आणि शेवटच्या घरी पोहोचलेले प्यादे सरसकट वजीर न होता त्या उभ्या पट्टीच्या मोहऱ्याचाच हुद्दा पावते. प्रतिपक्षाची सर्व मोहरी मारली जाऊन राजा एकटा उरला, तर त्यास बुर्जी म्हणत व तो अर्धा विजय मानीत. म्हणून सरस खेळाडूस शत्रूचे एखादे प्यादे बुद्ध्या जिवंत राखून मात करावी लागे, आणि प्यादेमातीचा मान सर्वांत मोठा असे. या संयमामुळे देशी डावास जी सूक्ष्मता लाभते, ती आधुनिक नियमांत क्वचितच दिसते.

तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा युरोपीय पद्धतीस अनुसरणारा बुद्धिबळविषयक ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. पुढे स्पर्धांमध्ये आंतरराष्ट्रीय नियमच रूढ झाले. जळगावच्या जैन हिल्स परिसरात आता बालगटांच्या राष्ट्रीय स्पर्धाही त्याच नियमांनी भरतात.