डावखुरेपणा ही सवय आहे की जन्मजात गोष्ट? विज्ञान काय सांगतं?

“डावा हात नको, उजव्या हाताने घे!” देवळात प्रसाद घेताना, पंगतीत जेवताना किंवा पाटीवर पहिलं अक्षर गिरवताना डावखुऱ्या मुलांना हे हमखास ऐकावं लागतं. डावा हात वापरणं ही सवय आहे आणि वेळीच मोडली तर सुटते, असा समज त्यामागे असतो. तो कितपत खरा आहे?

जगात डावखुरे किती?

जवळपास २४ लाख लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १०.६ टक्के लोक डावखुरे आहेत. म्हणजे ५० मुलांच्या वर्गात साधारण पाच जण.

हात कधी ठरतो?

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले पीटर हेपर यांनी पोटातली बाळं कोणता अंगठा चोखतात, ते सोनोग्राफीत पाहिलं. त्यातल्या ७५ मुलांना १० ते १२ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं. पोटात उजवा अंगठा चोखणारी सर्व ६० मुलं उजव्या हाताची निघाली. डावा अंगठा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी होती. म्हणजे कल जन्माआधीच दिसतो, पण तो अगदी पक्का असतोच असं नाही.

मग हे आईवडिलांकडून येतं?

काही अंशी. जुळ्यांवरच्या मोठ्या अभ्यासांनुसार यात अनुवंशिकतेचा वाटा साधारण २५ टक्के आहे. आईवडील दोघंही डावखुरे असले, तरी त्यांचं मूल डावखुरं होण्याची शक्यता चारात एक इतकीच असते.

‘डावखुरेपणाचं जनुक’ असं एकच काही नसतं. २०२१ मध्ये १७ लाखांहून जास्त लोकांच्या डीएनएच्या अभ्यासात डावखुरेपणाशी संबंध असलेल्या ४१ जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा. त्यातली काही जनुकं पेशींचा सांगाडा बनवणाऱ्या सूक्ष्म नळ्यांशी संबंधित आहेत. मेंदूची जडणघडण होताना या नळ्या महत्त्वाचं काम करतात.

एपिजेनेटिक्सचा काय संबंध?

एकसारख्या जुळ्यांचा डीएनए जवळपास सारखाच असतो. तरी अनेकदा एक डावखुरा आणि दुसरा उजव्या हाताचा असतो. असं का?

डीएनएवर काही रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक चालू राहणार, कोणतं बंद, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. वायरिंग तेच, पण बटणं वेगवेगळी दाबलेली, असं समजा.

२०१७ मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह गर्भाच्या मज्जारज्जूचा अभ्यास केला. आठव्या आठवड्यातच मज्जारज्जूच्या डाव्या आणि उजव्या भागांत जनुकं वेगवेगळ्या प्रमाणात काम करताना दिसली. त्या वेळी हालचाली नियंत्रित करणारा मेंदूचा भाग मज्जारज्जूला जोडलेलाही नसतो. हा फरक एपिजेनेटिक कारणांनी होतो आणि हाताचा कल तिथूनच सुरू होत असावा, असं या संशोधकांचं म्हणणं आहे. गर्भाच्या वाढीत होणारे छोटे योगायोगही यात भर घालतात.

हात बदलायला लावला तर?

लिहिणारा हात सरावाने बदलता येतो, मेंदूचा कल मात्र पूर्ण बदलत नाही. लहानपणी उजव्या हाताने लिहायला लावलेल्या डावखुऱ्या प्रौढांचं स्कॅनिंग केलं, तेव्हा उजव्या हाताने लिहितानाही त्यांच्या मेंदूची उजवी बाजू काम करताना दिसली. एरवी उजव्या हाताच्या माणसांमध्ये लिहिताना मुख्यतः डावी बाजू काम करते.

आणि प्रत्येक कामाला एकच हात पुढे येतो, असंही नाही. सचिन तेंडुलकर बॅट उजव्या हाताने धरायचा, पण लिहितो डाव्या हाताने.

पालकांनी काय करावं?

मूल डावखुरं असेल तर त्याला बाकावर डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजारच्याचं कोपर लागणार नाही. वहीचं वरचं टोक थोडं उजवीकडे कललेलं ठेवा. डावखुऱ्यांसाठीची कात्री मिळते, ती आणा.

मात्र वर्षाच्या आतलं बाळ सतत एकच हात वापरत असेल आणि दुसरा हलवायचं टाळत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या हातात अशक्तपणा असू शकतो.

बाकी डावखुऱ्या मुलात सुधारण्यासारखं काही नसतं. त्याला त्याच्या हाताने लिहू द्या.