डोळ्याबरोबर काय आलं?

जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी या पट्ट्यात मोसंबीची रोपं घ्यायला गेलात, तर ‘न्यूसेलर’ हा शब्द हमखास कानावर पडतो. शेतकरी ते वाणाचं नाव म्हणून घेतात. मी त्या शब्दाचा माग काढत गेलो, तेव्हा त्यामागे एका आजाराचा आणि काचनळीचा इतिहास निघाला. आज तोच सांगतो.

मोसंबीचं झाड आपण डोळा भरून करतो. रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा बसवला, की फळं मूळ झाडासारखीच मिळतात. पण मंडळी, मूळ झाडाला रोग असेल तर डोळ्याबरोबर तोही येतो. रोपवाटिकेत रोप हिरवंगार दिसतं. पुढे बाग फळावर येता येता फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. तोवर चार-पाच वर्षं पाणी घातलेलं असतं.

पुण्यात एस. पी. कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं, की ‘ग्रीनिंग’ हा रोग सायला नावाची कीड पसरवते. ‘ट्रिस्टेझा’ हा विषाणूजन्य रोग माव्यामुळे पसरतो. दोन्ही रोग कलमातूनही जातात.

यातून सुटण्याची एक वाट बियांतच आहे. मोसंबीच्या एका बीत अनेक गर्भ असतात. त्यांतले बरेचसे परागाशिवाय, आईच्याच ‘न्यूसेलस’ नावाच्या पेशीजालातून तयार होतात. रोप आईसारखंच होतं, आणि आईचे विषाणू त्यात सहसा उतरत नाहीत. हीच न्यूसेलर. मात्र बीपासूनचं झाड काटेरी असतं, फळाला उशीर लावतं. हा दोष जायला कलमांच्या काही पिढ्या जाव्या लागतात.

दुसरी वाट प्रयोगशाळेतून गेली. फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये डेलियाच्या शेंड्याचा सूक्ष्म तुकडा काचनळीत वाढवून विषाणूमुक्त झाड मिळवलं. अगदी कोवळ्या टोकापर्यंत विषाणू बहुधा पोचलेला नसतो. पण मोसंबीच्या जातकुळीतल्या मोठ्या झाडांचा असा शेंडा नुसता काचनळीत तगेना. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात तोशिओ मुराशिगे यांच्या गटाने तो इवल्या रोपावर चढवला. १९७५ मध्ये नवारो आणि सहकाऱ्यांनी पद्धत सुधारली. अंधारात वाढवलेल्या दोनेक आठवड्यांच्या रोपाचा शेंडा छाटायचा, चीर द्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा शेंडा तिथे बसवायचा. आपलं डोळा भरणंच, फक्त काचनळीत! शेंडा फळत्या झाडाचा असल्याने बीच्या रोपाचे दोषही येत नाहीत. १९८५ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन केंद्रानेही या पद्धतीवर काम केलं आहे.

केळीत टिश्यूकल्चर लागतं ते लाखो रोपांसाठी. मोसंबीत एक निरोगी मातृवृक्ष मिळाला, की डोळ्यांना तोटा नाही. पण हे झाड रोगाला दाद न देणारं नसतं. उघड्यावर राहिलं, तर कीड पुन्हा रोग आणते. म्हणून मातृवृक्ष जाळीच्या घरात सांभाळावे लागतात.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळल्या. जिथे टँकरच्या पाण्यावर झाड जगवावं लागतं, तिथे ते आतल्या रोगाने जाणं परवडत नाही. म्हणून रोपाचा भाव विचाराल तेव्हा एवढंही विचारा: डोळा कोणत्या झाडाचा, आणि ते झाड तपासलेलं आहे का?