प्राणिरूप मृत्पात्रे, ग्रीक व इट्रुस्कन

पशुपक्ष्यांच्या आकारात घडवलेली प्राचीन पोकळ मातीची भांडी. त्यांत प्राणी भांड्यावर रंगवलेला नसतो, तर भांड्याचे अंगच प्राण्याचे असते. सुगंधी तेल ठेवणे, ओतणे आणि मद्यपान हे त्यांचे मुख्य उपयोग.

इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांत ग्रीसमधील कॉरिंथचे कुंभार ससा, मेंढा, सिंह, घुबड अशा आकारांच्या तेलकुप्या बनवीत. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातील घुबड (सु. इ.स.पू. ६४०) तळहातावर सहज मावते, पिसांच्या रेघा मात्र एकेक करून रंगवल्या आहेत. अशा कुप्यांचे काही भाग चाकावर, काही साच्यात, तर काही नुसत्या हाताने घडवीत आणि ओले असतानाच पातळ चिखलाने सांधत.

इटलीतील इट्रुस्कनांकडे ही आवड जुनीच होती. बोलोन्याच्या संग्रहालयातील बेनाच्ची आस्कोस हे इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांच्या संधिकाळातले ओतपात्र बैलाच्या तोंडाचे असून त्याची मूठ म्हणजे एक घोडेस्वार आहे. पुढे ‘बुक्केरो’ भांडी आली. भट्टीत हवा कोंडून भाजल्याने त्यांची माती आतपर्यंत काळी होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातील बुक्केरो कोंबडा (इ.स.पू. ६५०–६००) या परंपरेतला सर्वांत बोलका नमुना म्हणावा लागेल. त्याचे डोके हेच बूच. आणि अंगावर इट्रुस्कन वर्णमालेची २६ अक्षरे कोरलेली आहेत. त्यामुळे ती दौत असावी, असा तर्क केला जातो. इ.स.पू. चौथ्या शतकात क्यूझी भागात बदकाच्या आकाराची रक्ताकृती (काळ्या पृष्ठभागावर लाल आकृत्या असलेली) पात्रे होऊ लागली.

अथेन्समध्ये इराणी धातुपात्रांच्या प्रभावातून पशुमुखी पेले (ऱ्हायटन) रूढ झाले. इराणी पात्राला खालून धार सोडण्यासाठी छिद्र असे; अथेनियन पेल्यांना ते बहुधा नसते. मेंढ्याच्या किंवा गाढवाच्या डोक्याचा असा पेला भरलेला असताना खाली ठेवणे अवघड. तो तोंडाला लावला, की समोरच्याला पिणाऱ्याच्या चेहऱ्याजागी जनावराचे तोंड दिसे. मेजवानीतली ही गंमत कुंभाराने आकार ठरवतानाच साधलेली आहे. काचेच्या कपाटात ती हरवते.

सोटाडीस हा या कलेतला अग्रगण्य अथेनियन कुंभार (इ.स.पू. पाचव्या शतकाचा मध्य). मगरीने पकडलेला आफ्रिकी तरुण हा त्याच्या कार्यशाळेचा प्रसिद्ध विषय. साच्यामुळे त्याच्या अनेक प्रती निघाल्या. सोटाडीसची सही असलेले, घोड्यावरील ॲमेझॉन योद्धीचे पात्र तर पार सुदानमधील मेरोए येथे सापडले. ते आता बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे.