पन्हळ कुठे गेली?

गेल्या जूनमधली गोष्ट. शनिवारची सकाळ, भिवंडीत रात्रभर धो धो पाऊस. खाली उतरलो, गाडीत बसलो, पाय टेकवला तर 'चुबुक्' असा आवाज! कार्पेट ओलं चिंब. काचा बंद, दारं बंद, मग पाणी आलं कुठून? संशय अर्थातच सनरूफवर. गाडी सेकंडहँड घेतलेली, आणि खरं सांगायचं तर सनरूफ आहे म्हणूनच घेतलेली. (वर्षातून दोनदा उघडतो. हसू नका.)

गॅरेजवाल्याने एका मिनिटात निदान केलं, "रबर गेलं, साहेब." काचेच्या कडेने सिलिकॉन मारून दिलं. आठ दिवसांनी परत तळं! वर सेंट्रल लॉकिंग स्वतःच्या मर्जीने उघड-बंद व्हायला लागलं. कार्पेटखालून वायरिंग जातं, काही गाड्यांत कंट्रोल युनिटसुद्धा तिथेच बसवलेलं असतं, हे ज्ञान तेव्हा झालं. युनिट बदलायचं तर किती, तो आकडा ऐकून घरी सांगायची हिंमत होईना.

पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कार्पेट वाळत घातलेलं बघितलंच. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पाणी जायला वाट कुठाय?"

"अण्णा, वाट कशाला? पाणी आत यायलाच नको ना!"

"जोड आहे म्हणजे पाणी येणार. जायचं कुठनं ते बघ."

अण्णा आयुष्यभर पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर होते. माग बंद पडला की चालू करायचा, हे त्यांचं काम. गाडी त्यांना चालवताही येत नाही. पण मॅन्युअल उघडून पाहिलं तर म्हातारा बरोबर निघाला! सनरूफची काच वॉटरप्रूफ नसतेच मुळी. रबर फक्त पाण्याचा जोर कमी करतं. जे पाणी आत सरकतं ते काचेभोवतीच्या पन्हळीत पडतं, पन्हळीच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, प्रत्येक भोकाला एक बारीक नळी. पुढच्या दोन नळ्या विंडशील्डच्या बाजूच्या खांबांतून उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून, आणि पाणी गाडीखाली सोडतात. नळी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी छताच्या अस्तरातून थेट आपल्या पायाशी.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. इतकी महत्त्वाची गोष्ट इतकी लपवून का ठेवली? म्हणून थोडा इतिहास चाळला.

सुरुवातीच्या मोटारींना हा प्रश्न नव्हता, कारण छप्परच नव्हतं. १९ व्या शतकाच्या शेवटी मुंबईत मोटारी आल्या तेव्हा त्या म्हणजे घोडा काढून घेतलेल्या घोडागाड्याच होत्या. फार तर घडीचा टप. पाऊस आला तर भिजा. पुढे बंद गाड्या आल्या, पण त्यांचंही छप्पर सगळं पत्र्याचं नव्हतं. एवढा मोठा पत्रा एकसंध दाबून काढणारी प्रेस तेव्हा नव्हती. त्यामुळे मध्ये लाकडी चौकट आणि तिच्यावर पाणी न शोषणारं कापड. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना सलग पोलादी छप्पर दिलं, त्याला 'टरेट टॉप' म्हणत. आणि लोकांनी बंद छपराचा सुटकेचा निःश्वास टाकेपर्यंत तिकडे जर्मनीत वेबास्टो कंपनी त्याच छपराला उघडणारी कापडी खिडकी बसवत होती! (वेबास्टो म्हणजे विल्हेल्म बायर आणि त्याचं गाव स्टॉकडॉर्फ, ह्यांची आद्याक्षरं.) माणसाला छप्परही हवं आणि आभाळही हवं. असो.

ह्या सगळ्यात सर्वांत प्रामाणिक गाडी म्हणजे जीप. महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, ती मूळची लष्करी गाडी. कॅनव्हासचा टप, दारं नाहीत. पाणी आत येणार हे गृहीतच! म्हणून लष्करी विलीजच्या तळालाच भोकं आणि त्यांना बुचं. पाणी भरलं, बूच काढा, संपलं. १९८९ ची माझदा एमएक्स-५ घ्या, तिच्यातही टपावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली सोडलेलं आहे. तत्त्व जीपचंच. फरक इतकाच की बूच दिसायचं, नळी दिसत नाही. आणि जगभरचे एमएक्स-५ वाले ह्याच तुंबलेल्या नळ्यांनी हैराण असतात.

आता बंद छपराच्या गाडीवर पडलेलं पाणी कुठे जायचं? पद्मिनी किंवा अँबॅसॅडर आठवा. दारांच्या वर, छपराच्या कडेने पत्र्याची एक बारीक पट्टी वळवलेली असायची. ती पन्हळ. कौलारू घराची पन्हळ जशी पागोळ्या झेलून एका टोकाला सोडते, तशीच. दार उघडलं तरी पाणी डोक्यावर पडत नसे. त्यात पान अडकलं तर टॅक्सीवाला फडक्याने काढून टाकायचा. बघायला मॅन्युअल लागत नव्हतं.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. पेट्रोल वाचवायचं तर हवा कमी अडली पाहिजे, आणि छपराच्या कडेला बाहेर आलेली ती पट्टी हवेला अडवते, आवाजही करते. १९८२ च्या ऑडी १०० ने हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३० वर आणला आणि गुळगुळीत गाड्यांची शर्यतच लागली. दाराची वरची कड छपरात वळवली आणि पन्हळ दाराच्या मागे, आत गेली. आपल्याकडे हा बदल बघायला लांब जायला नको. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून पन्हळवाली पद्मिनी निघाली, तिथूनच १९९६ मध्ये बिनपन्हळीची फियाट उनो बाहेर पडली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. म्हणजे रस्त्यावर रोज दिसणारी पन्हळही गेली.

पन्हळ नाहीशी झाली नाही, दिसेनाशी झाली. आणि जी गोष्ट दिसत नाही ती साफ करायची असते, हे कोण कोणाला सांगणार? आमच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच. एरर येणारच नाही असं धरून चालणारा कोड सिलिकॉन मारल्यासारखा असतो, दोन दिवस बरा.

रविवारी दोघे कामाला लागलो. सिलिकॉन हलक्या हाताने खरवडलं, काच उघडली. पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात अण्णांनी कपभर पाणी ओतलं. डावीकडचं पाणी चाकामागे ठिबकलं. उजवीकडचं तसंच उभं. गॅरेजमध्ये हवा मारून घेऊ म्हटलं, तर अण्णा नको म्हणाले. जोर जास्त झाला तर नळी आतल्या आत जोडातून निसटेल, मग सगळं अस्तर उतरवा. तारही नको, नळी फाटेल. मासे पकडायची जाड तंगूस आणली, टोक पेटवून गोल केलं आणि हळूहळू आत सरकवली. दहा मिनिटांनी चाकामागून आधी काळं पाणी आलं, मग भळाभळा स्वच्छ. तंगुशीला चिकटून एक बोळा वर आला. गुलमोहराची बारीक पानं, माती आणि पांढरट कापूस. आमची बिल्डिंग लूमच्या शेडशेजारी आहे. मागांवरचा कापूस खिडक्यांतून उडतो, तो वर्षभर माझ्या छपरात साठत होता.

अण्णांनी तो बोळा बोटांत चुरला. मग सांगायला लागले. त्यांच्या शेडला दोन पत्र्यांच्या उतारांमध्ये पन्हळ होती. मे संपला की वर चढून हाच कापूस उपसायचा, हे त्यांचं काम. एका वर्षी ते गावी गेले होते, कोणीच चढलं नाही. पहिल्याच पावसात पन्हळ भरून पाणी आत पडलं, मागावरचं भरलेलं बीम भिजलं. शेठने अण्णांच्या पगारातून पैसे कापले. "मी नव्हतो इथं," एवढंच ते म्हणाले. घरात ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

युनिट वाळवल्यावर लॉकिंग शहाण्यासारखं वागायला लागलं, पैसे वाचले. मी फोनमध्ये रिमाइंडर लावलाय, दर वर्षी २५ मे, 'कपभर पाणी'. ह्या वर्षी रिमाइंडर वाजायच्या आदल्या दिवशीच अण्णा हातात कप घेऊन खाली उभे होते.

तुमच्या गाडीलाही सनरूफ असेल तर पाऊस लागायच्या आत एकदा बघून घ्या. कप घरात असतोच.