काकीच्या पिशव्या आणि 23 मार्चची नोटीस

आजचा एपिसोड पावसमधून, आणि भर पावसात रेकॉर्ड करतोय. मागे पत्र्यावरचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

विषय आहे पॅकिंगवरच्या सरकारी नियमांचा इतिहास. बोअर वाटतोय ना? मलाही वाटायचा. मग 2018 मध्ये आमच्या काकीच्या माळ्यावर छापील पिशव्यांचे गठ्ठे पडून राहिलेले पाहिले.

काकी आंबापोळी आणि कोकम सरबत विकते. त्या वर्षी फेब्रुवारीत एका विक्रेत्याने सांगितलं, "जास्त घ्या, स्वस्त पडेल." तिने दोन वर्षांच्या हँडलवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या एकदम छापून घेतल्या. 23 मार्च 2018 ला महाराष्ट्र सरकारची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली. "काकी, आता ह्यांचं काय करणार?" मी विचारलं. म्हणाली, "काय करू रे? नाव माझं छापलंय. दुसऱ्या कोणाला देऊपण शकत नाही."

आता थोडं मागे जाऊ.

पॅकिंग बदलणं कोकणाला नवीन नाही. हापूस आधी पेंढा घातलेल्या लाकडी पेटीतून मुंबईला जायचा, मग पुठ्ठ्याचे बॉक्स आले. पेटी हा शब्द मात्र राहिला. पण तो बदल हळूहळू झाला. प्लास्टिकच्या बाबतीत कायद्याने तारीख ठरवली.

देशपातळीवर 1999 च्या नियमांनी कॅरीबॅगची जाडी किमान 20 मायक्रॉन ठरवली. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. बोटांनी कोणाला कळणार? दुकानदाराला तर नाहीच. मग 26 जुलै 2005 उजाडला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली. नाले तुंबायला जी कारणं सांगितली गेली त्यात प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. 2006 मध्ये महाराष्ट्राने स्वतःचे नियम केले: पिशवी किमान 50 मायक्रॉनची आणि 8 बाय 12 इंचांची हवी. केंद्राने 2011 मध्ये 40 मायक्रॉन केलं आणि 50 पर्यंत यायला 2016 उजाडलं.

हा दहा वर्षांचा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे पुन्हा तसंच झालं. 2018 मध्ये महाराष्ट्राने कॅरीबॅग, थर्माकोलची ताटं, स्ट्रॉ वगैरे बंद केलं. तेव्हा पर्यावरणमंत्री होते रामदास कदम, म्हणजे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. चार वर्षांनी, 1 जुलै 2022 पासून, प्लास्टिकच्या प्लेट, कप, स्ट्रॉ अशा वस्तू देशभर बंद झाल्या. कॅरीबॅगची मर्यादा आधी 75 आणि 2022 च्या शेवटी 120 मायक्रॉन झाली. म्हणजे महाराष्ट्रात जे आधी आलं, ते देशाच्या नियमांत नंतर आलं. राज्याबाहेर माल पाठवणाऱ्या कोकणी माणसाला हा इशारा फुकट मिळालेला होता.

मग 2018 मध्ये आमची तारांबळ का उडाली? मुदत होती की. हायकोर्टाने बंदीला स्थगिती नाकारली, पण असलेला साठा संपवायला 23 जूनपर्यंतचा वेळ मिळाला. त्यानंतर पहिल्या वेळी 5 हजार, दुसऱ्या वेळी 10 हजार, तिसऱ्या वेळी 25 हजार दंड आणि तीन महिन्यांची कैद.

आता कॅलेंडर बघा. 23 मार्च ते 23 जून. पावसमध्ये ह्याच तीन महिन्यांत आंबा उतरतो, रस आटतो, पोळ्या उन्हात वाळतात. कोणाला अधिसूचना वाचायला वेळ आहे? काकीने घाईत पर्याय शोधला तो कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्यांचा. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच. त्याही बंदीच्या यादीत होत्या! दुसऱ्यांदा पैसे गेले. गंमत म्हणजे उत्पादनाच्या वेळी केलेल्या पॅकिंगला त्या अधिसूचनेत सूट होती. आंबापोळीचं आतलं पाकीट चालणार होतं. हेही आम्हाला उशिरा कळलं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे जुनी लायब्ररी बंद होणार असेल तर आधी वॉर्निंग येते. सगळे ती बंद करून काम चालू ठेवतात आणि मग एक दिवस सिस्टिम पडते. काकीला नावं ठेवायचा मला काय अधिकार?

आता नियमांची दिशा बदलली आहे. आधी जाडी विचारायचे, आता वजन विचारतात. 16 फेब्रुवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्या ब्रँडना आपलं प्लास्टिक पॅकिंग किती, ते कुठल्या गटातलं, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदवून तेवढ्या कचऱ्याची जबाबदारी घ्यावी लागते. 1 जुलै 2025 पासून पॅकिंगची माहिती बारकोड, क्यूआर कोड अशा मार्गांनी देण्याची तरतूदही आली.

काकीसारख्या सूक्ष्म आणि लघु ब्रँडना त्या जबाबदारीतून वगळलंय. मग सुटलो? तसं नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या दुकानसाखळीने तिला विचारलं, "आमच्या लेबलखाली माल द्याल का? पाकिटात प्लास्टिक किती ग्राम, किती थरांचं?" लेबल त्यांचं, त्यामुळे हिशोब त्यांना द्यायचा, पण आकडा काकीकडूनच येणार. उत्तर नसतं तर ऑर्डर गेली असती.

मी एक साधी एक्सेल शीट केली. रिकामं पाकीट, झाकण, बाटली, लेबल. प्रत्येकाचं वजन, मटेरियल, कोणाकडून घेतलं आणि बिल. काकीने सोन्याचा काटा मागून आणला, कारण स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामं पाकीट दिसेचना! आणि आता छपाईची ऑर्डर एका सीझनपुरतीच देतो.

तुमच्या घरी कोणी लोणचं, पीठं, मसाले विकत असेल तर ह्या रविवारी एवढं करा: रिकामं पाकीट वजन करा आणि पुरवठादाराला विचारा की हे नक्की कशाचं आहे. उत्तर लेखी घ्या.

माळ्यावरच्या पिशव्या अजून आहेत. काकी टाकू देत नाही. भेटू पुढच्या एपिसोडला!